हातातून डोळ्यात

२०२३ची आषाढी वारी आटोपून फार दिवस झाले नव्हते, तोच आळंदीत डोळे येण्याची साथ उसळली. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीमुळे आळंदी सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे वारकरी शिक्षण देणाऱ्या निवासी संस्थाही पुष्कळ आहेत. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलं तिथे कीर्तन, गायन, पखवाज शिकतात. ती एकत्र झोपतात, एका पंगतीत जेवतात आणि सकाळी एकाच नळावर तोंड धुतात. काही दिवसांतच रुग्णांची संख्या हजारांत गेली आणि आरोग्य पथकं मुलांना रांगेत उभं करून डोळे तपासू लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस गटातला विषाणू सापडला.

साथ आळंदीपुरती राहिली नाही. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या नोंदवलेल्या रुग्णांचा आकडा लाखाच्या पुढे गेला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तर तो पुण्याहूनही मोठा होता. ही झाली नोंद. डोळे आले म्हणून सरकारी दवाखान्यात जाणारे मुळात थोडे. बाकीचे गॉगल लावून थेट मेडिकलच्या काउंटरवर जातात, त्यांची गणती कुणी ठेवत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात, याच कारणासाठी ५६ हजारांहून जास्त शाळांना काही दिवस कुलूप लागलं.

हा आजार तसा किरकोळ. बहुतेकांचे डोळे आठवड्या-दीड आठवड्यात, औषध घालून वा न घालता, आपोआप बरे होतात. तरीही दर काही वर्षांनी तो परत येतो आणि आला की वस्त्याच्या वस्त्या पालथ्या घालतो. त्याचं कारण डोळ्यात शोधून सापडणार नाही. ते हातात आहे, टॉवेलात आहे, नळाच्या वेळेत आहे आणि बऱ्याच वेळा बरं होण्याच्या आपल्या घाईतच आहे.

डोळ्यावरचा पातळ पडदा

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक अतिशय पातळ, पारदर्शक आवरण असतं. तेच पुढे वळून पापण्यांच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं लागलेलं असतं. वैद्यकीय पुस्तकांत याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. शरीराचा बराचसा पृष्ठभाग जाड कातडीने झाकलेला आहे. इथे मात्र ओला, मऊ पडदा उघड्या हवेत बसलेला आहे. त्याच्या रक्षणाला अश्रू आहेत. अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचं, जिवाणूंची भिंत फोडणारं द्रव्य असतं. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते त्याआधी काही वर्षं, १९२१-२२च्या सुमाराला, ओळखलं होतं. पापणी लवली की अश्रू डोळ्यावरून फिरतात आणि कचरा नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून खाली वाहून नेतात.

जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम विषाणूपुढे मात्र फारसं कामाचं नाही. बोटावरून आलेला विषाणू या ओल्या पडद्याच्या पेशींत शिरला की तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून डोळा लाल होतो. त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून पापण्या सुजतात. पेशी मरतात, अश्रूंत मिसळतात, म्हणून चिपडं येतात. रुग्ण सांगतो, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय. कानाच्या पुढे, गालाच्या वरच्या टोकाला बोटाने दाबून पाहिलं तर कधी कधी बारीकशी दुखरी गाठ लागते. विषाणूमुळे डोळे आल्याची ती एक खूण.

लाल झालेला प्रत्येक डोळा साथीचा नसतो. ॲलर्जीने आलेल्या लालीत सगळ्यात मोठी तक्रार खाजेची असते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. जिवाणूंमुळे डोळे आले तर घट्ट, पिवळट पू येतो आणि सकाळी पापण्या एकमेकींना चिकटून बसतात. विषाणूच्या आजारात पाणी जास्त, पू कमी. तो बहुधा एका डोळ्यातून सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यात जातो. दुसऱ्या डोळ्यात त्याला नेऊन सोडणारा हात रुग्णाचा स्वतःचाच असतो.

दोन घराणी

डोळ्यांच्या मोठ्या साथींमागे बहुतेक वेळा विषाणूंची दोन घराणी असतात.

पहिलं घराणं ॲडेनोव्हायरसांचं. याच्या पन्नासहून अधिक प्रकारांपैकी मोजकेच डोळ्याच्या साथींसाठी कुप्रसिद्ध आहेत, त्यांत आठव्या प्रकाराचं नाव वारंवार येतं. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ५ ते १२ दिवस लागतात आणि रुग्ण पुढे दोन आठवड्यांपर्यंत इतरांना आजार देऊ शकतो. हा कधी कधी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथे बारीक ठिपके सोडतो. मग लाली गेली तरी काही महिने दिव्याभोवती वलय दिसतं, अक्षरं धूसर दिसतात. याच घराण्यातले काही भाऊबंद ताप, घसादुखी आणि लाल डोळे असं एकत्र देतात. क्लोरीन नीट न घातलेल्या पोहण्याच्या तलावातून असे उद्रेक झालेले आहेत.

दुसरं घराणं एन्टेरोव्हायरसांचं. पोलिओचा विषाणू याच कुळातला. यांतले दोघे डोळ्यांत मुरलेले: एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए-२४चा एक बदललेला उपप्रकार. २०२३च्या साथीत दुसऱ्याचा हात होता. यांची घाई विलक्षण. लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांत डोळा लाल, कधी कधी पांढऱ्या भागावर रक्ताचा डागही. दिसायला भयंकर, पण आठवड्याभरात ओसरणारं. एन्टेरोव्हायरस ७० प्रयोगशाळेत ३७ अंशांपेक्षा ३३-३४ अंश तापमानाला जास्त जोमाने वाढतो. डोळ्याचा पृष्ठभाग उर्वरित शरीरापेक्षा तेवढाच थंड असतो.

या दोन घड्याळांवरून साथीचा स्वभाव ठरतो. ॲडेनोव्हायरसाची साथ रेंगाळते, एखाद्या दवाखान्यात किंवा कारखान्यात महिनोन्‌महिने धुमसत राहते. एन्टेरोव्हायरसाची साथ सोमवारी वर्गातल्या दोघांना गाठते आणि शुक्रवारपर्यंत वर्ग अर्धा रिकामा करते. लागण होण्यासारखे लोक संपले की ती तितक्याच झपाट्याने आटते. काही वर्षांनी प्रतिकारशक्ती उतरलेली असते, पहिल्या साथीनंतर जन्मलेली मुलं शाळेत आलेली असतात, आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

चंद्र, युद्ध आणि मुंबई

एन्टेरोव्हायरस ७०चा इतिहास जगाच्या नकाशावर तारखेनिशी लावता येतो. जून १९६९मध्ये आफ्रिकेत घानाची राजधानी अक्रा इथे अचानक हजारो लोकांचे डोळे लालभडक झाले. पुढच्याच महिन्यात, २० जुलैला, अपोलो ११ चंद्रावर उतरलं. चंद्राचा संबंध अर्थातच नव्हता, पण वेळ अशी जुळली की लोकांनी या आजाराचं नावच अपोलो ठेवलं, आणि वैद्यकीय नियतकालिकांतही ते गेलं. १९७०मध्ये साथ इंडोनेशियात आणि सिंगापुरात पोचली. सिंगापुरात त्या वर्षी जो विषाणू हाती लागला तो मात्र कॉक्सॅकी ए-२४चा होता. एन्टेरोव्हायरस ७० जपानमध्ये १९७१मध्ये वेगळा काढला गेला. विषाणूच्या जनुकांत बदल साठण्याचा वेग मोजून शास्त्रज्ञांनी मागे हिशेब केला, तेव्हा तो माणसात १९६७च्या आसपास एकाच ठिकाणाहून पसरू लागला असावा, असं उत्तर आलं. म्हणजे चार वर्षांत त्याने आफ्रिकेपासून जपानपर्यंतचा पल्ला गाठला होता.

१९७१ साली तो भारतात होता आणि त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव वाचवायला पश्चिम बंगाल आणि आसपासच्या राज्यांत येत होती. छावण्यांतली दाटी, पाण्याची टंचाई, एका तंबूत अनेक कुटुंबं. विषाणूला याहून सोयीचं काय असणार? कोलकात्यात लोक या आजाराला ‘जय बांगला’ म्हणू लागले. माणसांच्या किंवा गावाच्या नावावर आजार खपवायची ही सवय जुनीच आहे. तमिळनाडूत आजही डोळे आले की ‘मद्रास आय’ म्हणतात. १९१८च्या सुमारास मद्रासच्या एग्मोर इथल्या नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा आजार बारकाईने पाहिला, टिपून ठेवला. शिक्का मात्र बसला शहरावर.

मुंबईतही १९७१मध्ये ही साथ जोरात होती. डोळे बरे झाले, लोक कामाला लागले, प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत वेगळेच रुग्ण येऊ लागले. बहुतेक धडधाकट, प्रौढ वयाचे. पाठीत आणि पायांत कळा येतात, मग एक पाय किंवा दोन्ही पाय लुळे पडतात. पोलिओसारखंच चित्र, पण हे पोलिओचं वय नव्हे. विचारलं की कळे, थोड्या आठवड्यांपूर्वी डोळे आले होते. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसंच केईएम रुग्णालयाचे डॉ. ई. पी. भरुचा यांनी, हा संबंध ओळखला आणि १९७२मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो जगापुढे मांडला. हा नवा नेत्रविकार करणारा विषाणू क्वचित मज्जारज्जूपर्यंत पोचतो, हे जगाला कळण्यात मुंबईतल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९८१मध्ये साथ परतली तेव्हा असे रुग्ण पुन्हा दिसले आणि वाडियांनी त्यांचाही पाठपुरावा केला. प्रमाण अतिशय कमी होतं. पुढे एन्टेरोव्हायरस ७० मागे पडत गेला आणि कॉक्सॅकीच्या उपप्रकाराने त्याची जागा घेतली. त्यात असा पक्षाघात अगदी विरळा. पण ‘डोळेच आलेत, काय मोठं’ असं म्हणत पूर्ण बेफिकीर राहू नये, एवढं १९७१ने सांगून ठेवलं आहे.

गोदीतला दवाखाना

साथ वाढवण्यात उपचारांचा हात कसा असतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण जहाजबांधणीच्या गोद्यांमधलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या अखेरीपासून, पर्ल हार्बरच्या आणि नंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांत हजारो कामगारांचे डोळे येऊ लागले. आजार इतका ठळक की त्याला ‘शिपयार्ड आय’ असं नाव पडलं.

गोदीत पोलाद कापलं जातं, घासलं जातं, जोडलं जातं. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात उडणं ही तिथली रोजची गोष्ट. कामगार गोदीच्या दवाखान्यात जायचा. तिथला माणूस पापणी उलटवायचा, कण काढायचा, थेंब टाकायचा आणि पुढच्याला बोलवायचा. रांगेतल्या एकाचे डोळे खरोखर आलेले असले, की त्याचा विषाणू तपासणाऱ्याच्या बोटांवर, चिमट्यावर, थेंबाच्या नळीवर बसायचा. पुढचा कामगार लोखंडाचा कण घेऊन आला होता, तो जाताना विषाणू घेऊन जायचा. आणि कणाने आधीच ओरखडलेल्या डोळ्यात तो सहज शिरायचा. आठव्या प्रकारचा ॲडेनोव्हायरस या आजारामागे आहे, हे १९५५मध्ये कळलं. पण दवाखान्यातले हात आणि हत्यारं हा त्याचा रस्ता आहे, हे त्याआधीच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. जगभरातल्या नेत्ररुग्णालयांतून आजही असे उद्रेक नोंदवले जातात. डोळ्याचा दाब मोजायचं उपकरण थेट डोळ्याला टेकतं. तपासणीच्या यंत्रावर प्रत्येक रुग्ण हनुवटी आणि कपाळ टेकतो. बाहुली मोठी करायचं औषध एकाच बाटलीतून वीस जणांना पडतं. ॲडेनोव्हायरस कोरड्या प्लास्टिकवर आणि धातूवर आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्याला चरबीचं वेष्टन नसल्यामुळे कोविडच्या काळात अंगवळणी पडलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर पुरेसं चालत नाही. पृष्ठभागांना ब्लीचसारखं क्लोरीनचं द्रावण लागतं, हातांना साबण आणि वाहतं पाणी. म्हणूनच शहाणी रुग्णालयं साथीच्या दिवसांत लाल डोळ्यांच्या रुग्णांना वेगळ्या खोलीत बसवतात, त्यांना इतरांबरोबर बाकावर तासभर ताटकळत ठेवत नाहीत आणि गरज नसेल तर डोळ्याला उपकरण लावतच नाहीत.

दहा बाय बाराची खोली

आता एका खोलीत जाऊ. मुंबईत अशा खोल्या असंख्य आहेत. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. मोरीजवळच्या खिळ्यावर एक टॉवेल. पाणी सकाळी तासभर येतं, ते पिंपात भरून दिवसभर पुरवायचं असतं.

मुलगा शाळेतून आला तो एक डोळा चोळतच. रात्री तोंड धुऊन त्याने त्याच टॉवेलाने पुसलं. सकाळी डोळा चिकटला, तेव्हा आईने पदराचं टोक ओलं करून चिपडं काढली. मग तोच पदर कमरेला खोचून भाकऱ्या थापायला बसली. बापाने जाताना टॉवेल खांद्यावर घेतला. संध्याकाळी मेडिकलमधून औषधाची बाटली आली. आजीने नातवाच्या डोळ्यात थेंब टाकताना बाटलीचं टोक पापणीला टेकलं, आणि उगाच आपल्याला नको म्हणून तिने दोन थेंब स्वतःच्याही डोळ्यांत घातले. बाटलीवर लिहिलेलं औषध विषाणू मारणारं नव्हतं. बाटलीच्या टोकावर मात्र विषाणू होता.

पाच माणसांच्या या घरात सगळे एकदम आजारी पडत नाहीत. मुलाचे डोळे निवळत आले की आईचे येतात, तिच्यानंतर आजीचे, मग बापाचे आणि धाकट्या मुलीचे. प्रत्येकाचे सहा-सात दिवस धरले तरी एकमेकांवर चढत-उतरत घरात साथीचा मुक्काम पंधरा-वीस दिवसांचा होतो. चाळीतल्या शेजारच्या दाराला, सार्वजनिक संडासाच्या कडीला, नळाच्या तोटीला याच घरातले हात लागत असतात.

आपले हात तोंडाकडे किती वेळा जातात याची आपल्याला कल्पना नसते. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात वर्गात बसलेल्या २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रीकरण करून मोजलं गेलं. २०१५मध्ये ते प्रसिद्ध झालं. सरासरी तासाला २३ वेळा चेहऱ्याला हात. त्यांतले जवळपास निम्मे स्पर्श डोळा, नाक किंवा तोंड यांच्या ओल्या भागाला, आणि त्यांतही चौथ्या हिश्श्याहून जास्त डोळ्यांना. संसर्ग म्हणजे काय हे शिकणाऱ्यांची ही गत. लोकलची कडी धरून आलेल्या, बसच्या दांड्याला लोंबकळून आलेल्या, पावसाळी दमट हवेत कपाळावरचा घाम पुसणाऱ्या माणसाकडून आपण वेगळं काय अपेक्षावं?

डोळे आलेल्याकडे पाहिलं की आपलेही येतात, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. नजरेतून विषाणू जात नाही. पण ज्याच्याकडे आपण पाहिलं त्याच्याशी आपण बोललो असतो, हात मिळवला असतो, त्याच्या हातून चहाचा कप घेतला असतो. आठवणीत राहते फक्त नजर. काळ्या गॉगलचंही तसंच. विषाणू काचेने अडत नाही. गॉगलचा खरा उपयोग दोन: उजेड कमी खुपतो, आणि डोळा चोळायला निघालेलं बोट मध्येच अडतं.

मेडिकलमधली बाटली

साथ आली की मेडिकलवर एकच वाक्य ऐकू येतं: डोळ्याचे ड्रॉप द्या. काउंटरवरून जे मिळतं ते दोन प्रकारचं असतं. एक, नुसतं प्रतिजैविक. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. तीन-चार दिवसांनी डोळा आपसूक निवळायला लागतो आणि श्रेय बाटलीला जातं. दुसरं जास्त काळजीचं: प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, पण साथीच्या गर्दीत चिठ्ठी विचारायला वेळ कुणाला आहे?

स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून त्याची ख्याती. सूज दाबली जाते, ती शरीराच्याच प्रतिकाराची असते. विषाणूला त्यातून उसंत मिळते. ॲडेनोव्हायरसाचा संसर्ग केलेल्या सशांच्या डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब टाकले, तेव्हा विषाणू जास्त दिवस बाहेर पडत राहिला. म्हणजे डोळा पांढरा दिसतो, माणूस निर्धास्त होऊन कामावर जातो आणि साथ घेऊन फिरतो. लाल डोळ्यामागे नागिणीच्या जवळचा हर्पिस विषाणू असला, तर स्टेरॉइडने बुबुळावर जखम चिघळून दृष्टी जाऊ शकते. आणि उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वेळी, त्यापुढच्या वेळी वापरत राहिलं, तर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांना आमंत्रण. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. बुबुळावर ठिपके उमटले तर डोळ्यांचे डॉक्टर ते मोजून-मापून देतातही. काउंटरवर टॉर्च लावून ते ठरवता येत नाही.

घरगुती उपाय याहून फार निरुपद्रवी असतात असं नाही. गुलाबपाणी, मध, अंगावरचं दूध, कसल्याशा पाल्याचा रस, यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. स्वच्छ फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर ठेवणं हा उपाय साधा आणि निर्धोक. फक्त एका डोळ्याचं फडकं दुसऱ्याला लावायचं नाही आणि वापरलेलं फडकं गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर प्रत्येकाची बाटली वेगळी, टोक डोळ्याला न टेकवता, आणि उघडल्यापासून महिन्याभरात ती टाकून द्यायची.

काही वेळा मात्र घरी बसून चालत नाही. दिसायला कमी झालं, उजेडाकडे पाहवेना, खुपण्याऐवजी ठणका लागला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा, मार लागल्यानंतरचा लाल डोळा आणि तान्ह्या बाळाचे चिकटलेले डोळे साथीच्या खात्यावर टाकू नयेत. आठवडा-दहा दिवसांत उतार पडला नाही तरी थांबू नये.

खाडा

डोळ्यांच्या साथीत माणसं मरत नाहीत, म्हणून तिचा हिशेब कुठे मांडला जात नाही. तो हिशेब मजुरीत मोजावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मालकीण दारातूनच परत पाठवते, आणि महिनाअखेरीला त्या दिवसांचे पैसे कापते. नाक्यावर उभा राहणारा मजूर गॉगल लावून आला तर मुकादम त्याला घेत नाही. टपरीवाल्याचं गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जातं. डॉक्टर म्हणतात, पाच-सहा दिवस घरी राहा. दिवसाच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या घराला हा सल्ला महागातल्या औषधासारखाच परवडत नाही. मग माणूस करतो काय? लाली लवकर उतरवणारी बाटली मागतो, म्हणजे कामावर जाता येईल. वर ज्या बाटलीबद्दल इतकं लिहिलं ती निव्वळ अज्ञानाने घेतली जात नाही. तिच्यामागे खाड्याची धास्ती असते.

पाण्याचंही तसंच आहे. साबणाने वारंवार हात धुवा, ही सूचना नळाला चोवीस तास पाणी असणाऱ्याला सोपी. पिंपातल्या पाण्यात पाच जणांची आंघोळ, स्वयंपाक आणि भांडी भागवायची असतील, तर दिवसातून दहा वेळा हात धुणं ही चैन ठरते. स्वच्छतेचा आणि डोळ्यांचा हा संबंध भारताने दुसऱ्या एका आजारात अनुभवलेला आहे. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, हा जिवाणूमुळे होणारा आजार हात, फडकी आणि माश्या यांच्यामार्फतच पसरतो, आणि वर्षानुवर्षं तो होत राहिला की पापणी आत वळून केस बुबुळावर घासतात. १९६३मध्ये देशात त्याच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरी भारतातून संपली, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये मान्य केलं. औषधांनी त्यात मोठं काम केलं, पण चेहरे धुवायला पाणी आणि बरी राहणी मिळाली नसती तर औषधं पुरी पडली नसती.

विषाणूच्या साथीचं असं कायमचं उच्चाटन होणार नाही. त्यावर लस नाही, रोजच्या वापरातलं खात्रीचं औषध नाही, आणि विषाणू परत येणार हे त्याच्या आजवरच्या चालीवरून दिसतंच. पण साथ किती फैलावेल हे बरंच आपल्या हातात आहे. शाळेने लाल डोळ्याच्या मुलाला हजेरीच्या धाकाशिवाय घरी ठेवू दिलं, वसतिगृहाने मुलामागे एक टॉवेल आणि एक उशी दिली, दवाखान्याने लाल डोळ्यांची रांग वेगळी केली, मालकिणीने पाच दिवसांचे पैसे न कापता बाईला घरी राहू दिलं, तर विषाणूचे निम्मे रस्ते बंद होतात. यातल्या कशालाही प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या वॉर्डातून पहिले पंचवीस रुग्ण कळतील, तेव्हा पालिकेने थेंबांच्या बाटल्या वाटायच्या आधी त्या वस्तीत साबणाच्या वड्या वाटाव्यात आणि नळाला तासभर जास्त पाणी सोडावं. खर्च बाटल्यांहून जास्त येणार नाही, आणि त्या पाण्यात कावीळ, जुलाब यांचाही थोडा बंदोबस्त परस्पर होऊन जाईल.